पाडव्याला या, शनिवारी संध्याकाळी सहाला

आधी तारीख ठरवा. परदेशात पाडवा सुट्टीच्या दिवशी येईल अशी आशा धरू नये. २०२६चा पाडवा १९ मार्चला, गुरुवारी. २०२७चा ७ एप्रिलला, बुधवारी. तिथीच्या सकाळी गुढी उभारावी, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवावा, घरी व्हिडिओ कॉल करून आईवडिलांना नमस्कार करावा आणि कामावर जावं. नव्या मित्रांना जेवायला बोलवायचं ते त्यानंतरच्या शनिवारी. यानं सण बाटत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. कामाच्या वारी आलेला सण शनिवार-रविवारवर ढकलायची सवय परदेशातल्या मराठी माणसाला कधीचीच लागली आहे.

मंडळाचा कार्यक्रम असेल तर तिथे जरूर जा, पण हा लेख त्याबद्दल नाही. हा लेख आहे नव्या गावात जाऊन सहा-आठ महिने झालेल्यांसाठी, ज्यांना ऑफिसातले, वर्गातले, शेजारचे चार लोक ओळखीचे झालेत आणि त्यांना एकदा आपल्या पद्धतीचं जेवू घालावं असं वाटतं आहे. उदाहरणं जर्मनीची देते, कारण तिथलं दुकान आणि तिथलं स्वयंपाकघर मला जास्त परिचयाचं आहे. इतर देशांत नावं बदलतील, अडचणी साधारण याच.

शनिवारच का? जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. कोथिंबीर विसरली तर ती विसरलीच. शिवाय रविवार हा दिवसभर शांततेचा वार मानला जातो. सकाळी नऊला मिक्सरमध्ये चटणी फिरवली की वरच्या मजल्यावरच्या आजींची चिठ्ठी दाराला लागण्याची शक्यता असते. रात्रीची शांतता बहुतेक ठिकाणी दहाला सुरू होते. म्हणून सहाला बोलवा, नऊच्या सुमारास पानं उचलली जातील असा बेत ठेवा. आणि त्या आजींनाही बोलवा. शेजाऱ्याला हिंगाच्या फोडणीचा वास आवडावा याचा तोच एक खात्रीचा मार्ग आहे.

आठ माणसांच्या पुढे जाऊ नका. आठजणांना गरम पुऱ्या वाढता येतात, बाराजणांना गार पुऱ्या वाढाव्या लागतात.

पाडव्याचे दिवस इतर पुष्कळांच्याही उपासाचे आणि सणांचे असतात, हे निमंत्रण देण्याआधी लक्षात घ्यावं. २०२४, २०२५ आणि २०२६ या तिन्ही वर्षी पाडवा आणि रमजान ईद एकमेकांना खेटून आले, कारण दोन्हींचा हिशेब अमावास्येनंतरच्या चंद्राशी बांधलेला. २०२६च्या अधिक ज्येष्ठामुळे ही जोडी फुटते. २०२७ मध्ये ईद मार्चच्या दहा तारखेच्या सुमारास आणि पाडवा एप्रिलात. पण ज्या वर्षी हे महिने जुळतील तेव्हा तुर्की किंवा सीरियन मित्राचा रोजा आहे का ते विचारा, आणि असेल तर सूर्यास्ताची वेळ बघूनच जेवणाची वेळ ठरवा. आधी खजूर आणि पाणी पुढे करा, मग पानं वाढा. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपूर्वीचा उपासकाळही बहुधा याच सुमारास चालू असतो. जर्मन मित्रानं फार तर चॉकलेट किंवा दारू सोडलेली असते. ग्रीक, सर्बियन, रोमेनियन किंवा इथिओपियन मित्र ऑर्थोडॉक्स परंपरा कडकपणे पाळणारा असेल तर मात्र त्याला दूध, दही, तूप, अंडं काहीच चालत नाही. म्हणजे श्रीखंड बाद. आणि ओळखीत कोणी इराणी, अफगाण किंवा कुर्द असेल तर २० मार्चच्या आसपास त्यांचं नौरोज येतं. त्यांना ‘वसंतातलं नवं वर्ष’ समजावून सांगावं लागत नाही. उलट तेच तुम्हाला मोड आलेल्या गव्हाचं हिरवंगार ताट आणून देतील.

निमंत्रणाबरोबर एकच प्रश्न स्पष्ट विचारा: काय खात नाही आणि कशाचा त्रास होतो? आपल्याकडे पाहुण्याला असं विचारणं जरा कोरडं वाटतं. तिथे न विचारणं निष्काळजीपणाचं मानतात. आपल्या जेवणात लपलेल्या गोष्टी आपल्यालाच दिसत नाहीत. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे ज्याला गहू अजिबात चालत नाही त्याला पुरी वगळून नुसता वरण-भात दिला तरी भागत नाही. तांदळाच्या पिठातला हिंग आणावा किंवा त्याची फोडणी वेगळी करावी. गोड्या मसाल्यात तीळ आणि सुकं खोबरं, काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट, मसालेभातावर काजू. आणि मोहरी! युरोपीय संघानं खाद्यपदार्थांवर ठळक लिहिणं बंधनकारक केलेल्या चौदा ॲलर्जीकारक घटकांत शेंगदाणे, तीळ यांच्यासोबत मोहरीही आहे. आपली जवळजवळ प्रत्येक फोडणी त्यात येते. कोणी मोहरीचं नाव घेतलं तर त्या दिवशी सगळ्या पदार्थांना नुसती जिऱ्याची फोडणी द्या. मोहरीची डबी त्या दिवशी उघडूच नका, म्हणजे चमचे बदलत बसावं लागत नाही.

आता बेत. सगळं ताट घरच्यासारखं करण्याचा हट्ट बहुतेकांना असतो, आणि तोच पाहुणचाराच्या आड येतो. यजमान गॅसपाशी, पाहुणे बाहेर मोबाइल बघत, असं जेवण मी बरंच पाहिलं आहे. आठ माणसांसाठी एका माणसाला झेपेल असं पाडव्याचं ताट हे: श्रीखंड, पुरी, बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर, साधं वरण-भात-तूप आणि लिंबाची फोड. हात शिवशिवत असतील तर आंब्याची डाळ. पुरणपोळी पुढच्या वर्षी करा. पुरणाला लागणारा वेळ एकवेळ काढता येतो, पण पाहुणे आल्यावर पोळ्या लाटत बसणं बरं नाही.

श्रीखंड पहिलं, कारण परदेशात तेच सगळ्यात सोपं आहे. जर्मनीतल्या कुठल्याही दुकानात क्वार्क मिळतो, आणि क्वार्क म्हणजे जवळजवळ तयार चक्का. तो तीन प्रकारचा असतो: बिनसायीचा मागरक्वार्क, वीस टक्क्यांचा आणि चाळीस टक्क्यांचा. चाळीसचाच घ्यावा. हा आकडा पाणी वगळून उरलेल्या घटकांतल्या स्निग्धांशाचा आहे. प्रत्यक्ष डब्यात स्निग्धांश अकरा टक्क्यांच्या आसपास असतो, तेव्हा घाबरायचं कारण नाही. मागरक्वार्कचं श्रीखंड आंबट आणि खरखरीत होतं. आठजणांना दीड किलो क्वार्क आणा, धुतलेल्या पातळ सुती कापडात बांधून गुरुवारी रात्रभर फ्रिजमध्येच चाळणीवर, खाली भांडं ठेवून, वर जड वाटी ठेवून निथळू द्या. बाहेर नळाला टांगायची गरज नाही. किलोभर घट्ट चक्का मिळतो. इंग्लंड-अमेरिकेत असाल तर ग्रीक दही घ्या, पण डब्यावर ‘ग्रीक पद्धतीचं’ असं लिहिलेलं असेल तर मागचे घटक वाचा. त्यातलं काही दही निथळून नव्हे, स्टार्च घालून घट्ट केलेलं असतं, आणि साखर घातल्यावर त्याला पाणी सुटतं. आइसलँडचं स्किर घट्ट असतं, पण बहुधा बिनसायीचं. ते एकट्यानं वापरू नका, सायीच्या दह्यात मिसळा.

साखरेचा प्रश्न जरा नाजूक आहे. आपल्याकडे चक्क्याच्या बरोबरीनं साखर घालणारी घरं आहेत. उत्तर युरोपातल्या जिभेला एवढं गोड झेपत नाही. पहिल्या घासाला कौतुक होतं आणि वाटी तशीच राहते. किलोभर चक्क्याला अर्धा किलो पिठीसाखर पुरे. शुक्रवारी रात्री साखर घालून, अर्ध्या तासानं बारीक चाळणीतून घासून काढा. पुरणयंत्र शोधत बसू नका. केशर कोमट दुधात, वेलची ताजी कुटलेली, आणि जायफळ अगदी चिमूटभर. सुपरमार्केटात आख्खं जायफळ सहज मिळतं, कारण जर्मन लोक ते बटाट्यावर किसतात. वेलची मात्र त्यांना नाताळातल्या बिस्किटांमुळे माहीत असते, म्हणून श्रीखंड खाऊन कोणी डिसेंबरची आठवण काढली तर नवल वाटू देऊ नका.

दूध न चालणाऱ्या पाहुण्यासाठी सोयाच्या दह्याचं श्रीखंड करण्याच्या भानगडीत पडू नये. मी खाल्लेलं एकही चांगलं नव्हतं. त्यापेक्षा नारळाच्या दुधात गूळ घालून गव्हल्यांची किंवा शेवयांची खीर करा. ती मुळातच तशी आहे, कशाची बदली म्हणून केलेली दिसत नाही. पाहुण्याला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही, आणि बाकीचेही मागून घेतात.

पुरीला पीठ कुठलं? भारतीय दुकानातली कणीक मिळाली तर प्रश्नच मिटला. नाही मिळाली तर जर्मन पिठांच्या पिशवीवरचा आकडा बघा. ४०५ म्हणजे मैद्यासारखं, ५५० थोडं पुढचं, १०५० मध्ये बऱ्यापैकी कोंडा. आकडा वाढेल तसा कोंडा वाढतो. फोलकॉर्न म्हणजे सबंध गव्हाचं पीठ असलं तरी ते बहुधा जाडसर दळलेलं असतं आणि पुरी फुटते. १०५० आणि ५५० निम्मे-निम्मे, त्यात दोन चमचे बारीक रवा, मीठ, मोहन, आणि पीठ घट्ट भिजवा. सहाशे ग्रॅम पिठात चाळीसेक लहान पुऱ्या होतात, माणशी पाच.

तळणीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण भाड्याच्या घरात खरी भीती तिचीच. तिथे झोपायच्या खोल्यांत आणि मधल्या बोळात धुराची सूचना देणारं यंत्र बसवलेलं असतं. त्यावर टोपी घालणं, ते काढून ठेवणं असले उद्योग करू नका. स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी सताड उघडी आणि तेल धूर येण्याइतकं तापू न देणं, एवढ्यावर भागतं. गोल बुडाची कढई सपाट शेगडीवर डगमगते. खोलगट, सपाट बुडाचं, जड पातेलं घ्या आणि ते एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. पातेल्याचं झाकण हाताशी ठेवा. तेलानं पेट घेतलाच तर शेगडी बंद करून वर झाकण सरकवायचं. पाणी कधीही ओतायचं नाही. सूर्यफुलाचं शुद्ध केलेलं तेल सगळीकडे मिळतं, तेच चांगलं. ऑलिव्ह तेलात पुऱ्या तळण्याची हौस कोणी करू नये.

पुऱ्या लाटायला पाहुण्यांना बसवा. या बेतातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नव्या ओळखीतल्या माणसांना दुसऱ्याच्या घरात हात बांधून बसायला अवघड वाटतं. लाटणं किंवा रिकामी बाटली हातात आली की बोलणं सुरू होतं. पुरी वाकडी आली तर आली. मात्र पुरी तेलात टम्म फुगते तेव्हा सगळ्यांना एकदा तरी शेगडीजवळ बोलवा. पीएचडी करणारी मोठी माणसं टाळ्या वाजवताना मी पाहिली आहेत. तळणं मात्र स्वतःकडे ठेवा.

बटाटे घेताना पिशवी वाचा. जर्मनीत बटाटे शिजल्यावर कसे होतात त्यावरून विकले जातात: घट्ट राहणारे, मधले आणि पिठूळ होणारे. आपल्या मऊ पिवळ्या भाजीला मधले घ्या. घट्ट राहणाऱ्या बटाट्यांच्या काचऱ्या उत्तम होतात, पण पुरीबरोबर त्या हिशेबात बसत नाहीत. आठजणांना सव्वा किलो पुरे. हिरवी मिरची फोडणीत आख्खी, उभी चिरून टाका, म्हणजे ज्याला नको तो बाजूला काढू शकतो; तिखटाची हौस असणाऱ्यांसाठी ठेचा वेगळ्या वाटीत. सगळंच फिकं करून टाकणं मला पटत नाही. तिखट बाजूला असावं, पण असावं. वरणाला दोनशे ग्रॅम तुरीची डाळ आणि भाताला अर्धा किलो तांदूळ. तूप कढवायला वेळ नसेल तर बुटरश्माल्त्स नावानं कढवलेलं लोणी मिळतं. त्याला आपल्या तुपाचा रवा आणि खमंगपणा नसतो. बिनमिठाचं पाव किलो लोणी मंद आचेवर वीस मिनिटं ठेवलं तर आपलं तूप होतं आणि घराला पाडव्याचा वास लागतो.

भारतातून काय आणावं? गोडा मसाला, आमसुलं, चांगला हिंग, साखरेची गाठी. तूप, खवा, पेढे, डब्यातलं श्रीखंड आणू नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला मनाई आहे. ताजा कढीपत्ता आणि कैऱ्याही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. गंमत म्हणजे नारळ चालतो. अननस, केळी, खजूर आणि डुरियन यांच्यासोबत त्यालाही सूट आहे. पण अर्धा किलो वजनाचा नारळ वाहून नेण्यापेक्षा आशियाई दुकानातलं गोठवलेलं ओलं खोबरं घ्या. कैरीही तिथेच थाई भाज्यांच्या कप्प्यात सापडते. नाहीच सापडली तर आंब्याच्या डाळीत आंबट हिरवं सफरचंद किसून लिंबू पिळा. कैरीची सर येत नाही, तरी वाटी रिकामी होते.

कडुनिंबाचं काय करायचं? भारतीय दुकानात कडुनिंबाची पूड मिळते, पण ती पुष्कळदा चेहऱ्याला लावायची असते. ती खाऊ-खिलवू नका. जर्मनीत वसंताच्या तोंडावर शिकोरे नावाची फिकट पिवळसर, चांगली कडू पानं मिळतात. ती बारीक चिरून त्यात गूळ, ओवा, जिरं, चिमूट मीठ आणि हिंग घालून एकेक चमचा सगळ्यांना जेवणाआधी द्या. वर्षाची सुरुवात कडू घासानं करायची, ही कल्पना परक्या माणसांना फार आवडते, आणि तुमच्या वर्गातल्या कानडी किंवा तेलुगू मित्राला त्याच्या युगादीची आठवण होते.

गुढीचीही तीच गोष्ट. गच्चीच्या कठड्याला काठी बांधण्याआधी घराचे नियम बघा, वारा बघा. शनिवारी पाहुण्यांसाठी फुटभर उंचीची गुढी टेबलाच्या कोपऱ्यात पुरते. तिच्याबद्दल विचारतील तेव्हा दोन वाक्यांत सांगा: चैत्राचा पहिला दिवस, नवं वर्ष, दारात विजयाची खूण. शालिवाहनापासून सुरुवात केलीत तर पुऱ्या गार होतील. कोणी खरंच खोलात शिरून विचारलं तर सांगायला जेवणानंतरचा तास आहेच.

पान वाढण्याची रीत मात्र सोडू नका. ताटल्या कमी पडत असतील तर ज्याला त्याला आपापली घेऊन यायला सांगा. विद्यार्थ्यांत यात कोणी काही मानत नाही. मीठ, लिंबू, कोशिंबीर, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये भाताची मूद आणि वर वरण-तूप. मोठे वाडगे मध्ये ठेवून ‘घ्या हवं ते’ असं करू नये. कोशिंबिरीनं ताट भरेल आणि श्रीखंडाला कोणी हात लावणार नाही, कारण तिथे गोड शेवटी खातात. श्रीखंड पुरीला लावून, भाजीच्या घासांमधून अधूनमधून खायचं असतं, हे तोंडानं सांगावं लागतं आणि स्वतः खाऊन दाखवावं लागतं. हातानं खायचं आमंत्रण द्या, चमचे-काटे न बोलता शेजारी ठेवा. कोणी काटा उचलला तर तिकडे बघू नका. जमिनीवर पंगत बसवायचा मोह होतो, पण मांडी घालायची सवय नसलेला माणूस दहा मिनिटांत जेवणापेक्षा गुडघ्यांचा विचार करू लागतो. टेबलच बरं.

आग्रह किती करायचा? एकदाच. जर्मन माणूस ‘नको’ म्हणतो तेव्हा त्याला नको असतं. दुसऱ्यांदा पुरी वाढलीत तर तो ती सभ्यपणे संपवेल आणि पुढच्या वेळी येताना विचार करेल. पण आग्रह हा आपल्याकडचा खेळ आहे, यजमानानं वाढायचं आणि पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरायचा, हे आधी हसत सांगून टाकलंत तर तेच तो खेळ उत्साहानं खेळतात. उलट बाजूही लक्षात ठेवा. त्यांच्या घरी तुम्हाला केक विचारला आणि तुम्ही आपल्या सवयीनं पहिल्यांदा ‘नको, नको’ म्हणालात, तर केक परत जाईल आणि पुन्हा येणार नाही.

पाहुणे सहा म्हणजे सहालाच दारात असतील, एखादा पाच मिनिटं खाली थांबून वेळ साधेल. हातात फुलं किंवा वाइनची बाटली असेल. जेवणाबरोबर दारू नको असेल तर निमंत्रणातच लिहा. आयत्या वेळी बाटली कपाटात ठेवली की दोन्हीकडे संकोच होतो. ‘आम्ही काय आणू?’ असं हमखास विचारतात. ‘काही नको’ म्हणू नका, त्यांना ते खरंच वाटतं आणि रिकाम्या हातानं यायला बरंही वाटत नाही. सरबतासाठी लिंबं, फळं, दोन घडीच्या खुर्च्या असं नेमकं सांगा. कोणी आपल्याकडचा पदार्थ आणतो म्हणाला तर जेवणानंतरच्या चहाबरोबरचा आणायला सांगा, म्हणजे पाडव्याचं ताट पाडव्याचंच राहतं.

उरलेलं श्रीखंड काचेच्या बरणीत भरून द्या, बरणीवर ‘चार दिवसांत संपवा’ असं लिहून. तळणीचं तेल पूर्ण गार झाल्यावर बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून पुनर्वापर न होणाऱ्या कचऱ्याच्या डब्यात टाका; मोरीत ओतलंत तर थंडीत नळी तुंबते आणि प्लंबरचं बिल पाडव्याच्या सगळ्या खर्चाहून मोठं येतं.

मग दोन-चार आठवड्यांत ते तुम्हाला बोलावतील, बहुधा ईस्टरच्या आसपास. त्या दिवशी टेबलावर रंगवलेली अंडी, वेणीच्या आकाराचा गोडसर पाव आणि बऱ्याच घरांत कोकराचं मांस असतं. शाकाहारी असाल तर निमंत्रण स्वीकारतानाच सांगा, तिथे पोहोचल्यावर नको. वेळेवर जा, फुलं न्या, आणि त्यांनी बटाटे सोलायला दिले तर बसून सोला.